डार्बीचे आठ दिवस

आपल्याकडे ‘डर्बी’ म्हटले की महालक्ष्मीच्या मैदानावरची घोड्यांची शर्यत आठवते. त्याच नावाचे एक गाव इंग्लंडच्या मध्यभागी आहे. तेथील रहिवासी त्याचा उच्चार ‘डार्बी’ असा करतात, तेव्हा आपणही तसाच करू. डरवेंट नदीकाठचे हे गाव एके काळी मिडलंड रेल्वेचे मुख्य ठाणे होते आणि १९०८ पासून तेथे रोल्स-रॉइसचा कारखाना आहे. आठवडाभर लोखंडाशी झगडायचे आणि शनिवारी दुपारी ‘डार्बी काउंटी’चा फुटबॉल सामना पाहायला जायचे, हा तेथील कामगाराचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. ज्या मैदानावर हे सामने होत, त्याचे नाव मात्र ‘बेसबॉल ग्राउंड’! फ्रान्सिस ले नावाच्या एका ओतशाळेच्या मालकाला अमेरिकेत गेला असताना बेसबॉलचे वेड लागले आणि त्याने तो खेळ आपल्या कारखान्याशेजारच्या मैदानावर आणला. खेळ तेथे रुजला नाही, नाव तेवढे चिकटले.

या गावाने १९७३ च्या ऑक्टोबरात आठ दिवस जो प्रक्षोभ अनुभवला, त्याची हकीकत सांगायची आहे. निमित्त क्षुल्लक वाटेल. एका फुटबॉल क्लबाच्या मॅनेजरने राजीनामा दिला, एवढेच. पण इंग्लंडातील मॅनेजर हा काही नुसता हिशेब ठेवणारा कारभारी नव्हे. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणता विकायचा, शनिवारी कोणाला उतरवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे सारे तेव्हा तोच ठरवत असे. त्याच्या वर असते संचालक मंडळ, कारण भाग त्यांचे आणि सह्या त्यांच्या. आणि खाली, पावसापाण्यात उभे राहून, तिकिटाच्या पैशांवर हा सारा डोलारा सांभाळत ते प्रेक्षक. त्यांना मत नाही, भाग नाही, सभेला बोलावणे नाही. तरी क्लब कोणाचा, असे विचारले तर त्यांतला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून ‘आमचा’ असेच सांगेल.

ब्रायन क्लफ डार्बीस आला तो १९६७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. मिडल्सबरोचा हा पोरगा खेळाडू म्हणून मोठा विलक्षण होता. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल! पण १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याचा गुडघा गेला आणि त्याबरोबर खेळही गेला. अशा माणसाच्या पोटात जी आग उरते, ती त्याने मॅनेजरकीत ओतली. जोडीला पीटर टेलर होता. हा जुना गोलरक्षक आणि क्लफचा मित्र. अडगळीत पडलेला खेळाडू हेरण्याची त्याची नजर जवाहिऱ्याची. डार्बी काउंटी तेव्हा दहा वर्षे दुसऱ्या श्रेणीत रुतून बसली होती. पहिल्या वर्षी तर ती आणखी एक पायरी खाली गेली आणि अठरावी आली. त्या वेळी क्लफला काढून टाकले असते तर गावात कुत्रेही भुंकले नसते.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, डार्बी दुसऱ्या श्रेणीत पहिली आली. या चमत्कारात एका माणसाचा मोठा वाटा होता आणि तो पुढे आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, म्हणून त्याची ओळख येथेच करून देतो. डेव्ह मॅके. टॉटनहॅमचा हा नामांकित स्कॉटिश खेळाडू. एका वर्षाच्या आत एकच पाय दोनदा मोडला, तरी मैदानात परत आलेला. तो आता उतरणीला लागला असे मानून लंडनकर निरोपाची तयारी करीत होते, तेव्हा क्लफ स्वतः लंडनला गेला आणि अवघ्या पाच हजार पौंडांत त्याला डार्बीस घेऊन आला. ‘तू धावू नकोस, मागे उभा राहून पोरांना सांभाळ,’ असा त्या व्यवहाराचा मथितार्थ होता. मॅकेने पोरांना असे सांभाळले की १९६९ चा इंग्लंडमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला विभागून मिळाला.

१९७२ च्या मे महिन्यात डार्बी काउंटी अख्ख्या इंग्लंडची विजेती झाली. तीही कशी? स्वतःचे सामने संपवून खेळाडू टेलरबरोबर माजोर्का बेटावर सुट्टीसाठी गेले होते, आणि क्लफ आपल्या कुटुंबासह सिली बेटांवर. इकडे लीड्स आणि लिव्हरपूल यांचे शेवटचे सामने बाकी. दोघांपैकी कोणालाही पुढे जाता आले असते. लीड्स हरले, लिव्हरपूलची बरोबरी झाली आणि एका गुणाने विजेतेपद समुद्रकिनारी बसलेल्यांच्या पदरात पडले. क्लबाच्या आयुष्यातील ते पहिलेच लीग-विजेतेपद. पुढल्या साली युरोपीय चषकात बेनफिकाला घरच्या मैदानावर तीन गोलांनी हरवून डार्बी उपान्त्य फेरीपर्यंत पोचली आणि तेथे युव्हेंटसकडून हरली.

या काळाकडे पाहताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. ज्या कारखान्याच्या नावावर गाव मान ताठ ठेवून चालत होते, तो सरकारला ताब्यात घ्यावा लागला. त्याच महिन्यात क्लफने कॉलिन टॉड नावाचा बचावपटू पावणेदोन लाख पौंडांना विकत घेतला! व्यवहारी माणूस याला उधळपट्टी म्हणेल. पण ज्या गावात घरोघर उद्याची चिंता शिरली होती, तेथे निदान एक गोष्ट वर चढत होती आणि ती चढवणारा माणूस क्लफ होता. पुढचा प्रक्षोभ समजायचा तर हे ध्यानात घेतले पाहिजे.

मग बिनसले कोठे? क्लफच्या जिभेवर. दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रांत त्याची वाणी अखंड चालू असे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तर लीड्सच्या दांडगाईबद्दल त्यांना दुसऱ्या श्रेणीत ढकलून द्यावे, असे त्याने एका रविवारच्या पत्रात लिहून टाकले. क्लबाचे अध्यक्ष सॅम लॉंगसन हे मालवाहतुकीच्या धंद्यावर पुढे आलेले गृहस्थ. आरंभी त्यांना या पोराचे पुत्रवत् कौतुक होते. पण मुलगा बापापेक्षा मोठा दिसू लागला की काही घरांत जे होते तेच येथे झाले. दूरचित्रवाणी आणि लेखन बंद करा, असा हुकूम निघाला. लॉंगसन यांची बाजू अगदीच पोकळ होती असे मला वाटत नाही. क्लबावर दंडाची टांगती तलवार आणणाऱ्या नोकराला आवरणे हे अध्यक्षाचे कामच आहे. पण आवरण्याची वेळ आणि रीत त्यांना साधली नाही. १३ ऑक्टोबरला डार्बीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर हरवले. विजयाच्या त्याच संध्याकाळी एका संचालकाने टेलरला बोटाने खूण करून बोलावले आणि तुमचे नेमके काम काय, अशी विचारणा केली. टेलरच्या वर्मी घाव बसला. क्लफने क्षुल्लक सबबीवर पाणी सोडायला कधी मागेपुढे पाहिले नव्हते. सोमवारी, १५ तारखेला, दोघांनी राजीनामे दिले.

संचालकांनी ते दुसऱ्या दिवशी स्वीकारले, आणि येथून डार्बीचे ते आठ दिवस सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. क्लफची अटकळ अशी होती, असे पुष्कळांचे म्हणणे आहे, की राजीनामा हातात पडताच मंडळ घाबरेल. मंडळ घाबरले नाही. घाबरले ते गाव. ‘क्लफला परत आणा’ असे फलक रस्त्यांवर झळकू लागले. डॉन शॉ या नाटककाराच्या पुढाकाराने निषेधाची रीतसर चळवळ उभी राहिली आणि सभा भरू लागल्या. खेळाडूंनी आपल्या सह्यांचे पत्र संचालकांना दिले: आम्हांला क्लफ आणि टेलरच हवेत. नोकरांनी मालकाला लिहिलेले असे पत्र फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

बुधवारी, १७ ऑक्टोबरला, वेंब्लीवर इंग्लंड-पोलंड सामना होता. जिंकले नाही तर इंग्लंड विश्वचषकाबाहेर. इंग्लंडच्या संघात डार्बीचा मॅकफार्लंड होता आणि शेवटच्या क्षणांत बदली म्हणून डार्बीचाच हेक्टर उतरला. त्याचा डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषेवरून परतवला गेला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि इंग्लंड बाहेर पडले. त्या रात्री दूरचित्रवाणीवर पोलंडच्या गोलरक्षकाला ‘विदूषक’ ठरवणारे पंडित कोण? नुकतेच बेकार झालेले क्लफसाहेब! त्या ‘विदूषका’ने इंग्लंडचा एकेक फटका अडवून दाखवला. सारा देश त्या निकालाने सुन्न झाला, पण डार्बीत मात्र लोकांना दुसरेच सुतक होते.

शनिवारी, २० तारखेला, बेसबॉल ग्राउंडवर लेस्टरविरुद्ध सामना. क्लफ प्रेक्षागारात अचानक उभा राहिला, दोन्ही हात उंचावून त्याने लोकांना अभिवादन केले आणि मैदान दुमदुमले. काही मिनिटांतच तो निघून गेला, कारण त्या संध्याकाळी लंडनला पार्किन्सन यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात त्याला हजर व्हायचे होते. ज्या दूरचित्रवाणीपायी गादी गेली, तिच्याच दारात पुन्हा! या माणसावर प्रेम करणाऱ्यांनाही हे खटकायला हवे होते. पण प्रेमात पडलेली माणसे असले हिशेब करीत नाहीत. डार्बीने सामना २-१ जिंकला, तेव्हा मॅनेजरवाचूनही संघ जिंकतो असे संचालकांना म्हणता आले आणि हा संघ घडवला कोणी, असे लोकांना विचारता आले.

आता प्रश्न उरला नव्या माणसाचा. चळवळीतील कडव्या मंडळींच्या मते असा प्रश्नच नव्हता: जागा रिकामी नाही, ती क्लफची आहे, जो कोणी येईल तो उपरा. बाहेरचा कोणी नामांकित मॅनेजर आणला असता तर गावाला त्याचा मनसोक्त द्वेष करता आला असता. संचालकांनी येथे मात्र आपल्या साऱ्या कारभारातील एकमेव शहाणपणाची खेळी केली. त्यांनी पंधरा मैलांवरच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून बोलावले डेव्ह मॅकेला. ज्याच्या नावाने चारच वर्षांपूर्वी हेच प्रेक्षक घसा फुटेपर्यंत ओरडले होते, त्याला आता शिव्या कशा द्यायच्या? मॅकफार्लंडने त्याला फोन करून येऊ नकोस असे विनवले म्हणतात. मॅके आला. २३ ऑक्टोबर, मंगळवार.

आठ दिवस संपले, भांडण संपले नाही. खेळाडू रुसलेले, प्रेक्षक क्लफच्या नावाचा घोष करणारे, चळवळीच्या सभा चालूच. नोव्हेंबरात खेळाडूंनी पुन्हा असहकाराची भाषा केली. जमत नसेल त्याने बसावे, मी राखीव पोरांना घेऊन उतरतो, अशा अर्थाचे उत्तर मॅकेने दिले. दोनदा मोडलेल्या पायावर उभ्या राहिलेल्या माणसाला धमकी देण्यात अर्थ नसतो, हे त्याच्याबरोबर खेळलेल्यांना ठाऊक असायला हवे होते. क्लफचा हात सर्वांवर होता, पण मॅकेचा त्यांच्या खांद्यावर होता. हळूहळू संघ रुळला आणि त्या मोसमात डार्बी तिसरी आली. मॅकेने ब्रूस रिऑख आणला, फ्रान्सिस ली आणला. मॅकफार्लंड पायाच्या दुखापतीने जवळजवळ वर्षभर बाहेर असताना पीटर डॅनियल या कोपऱ्यातल्या खेळाडूला त्याच्या जागी उभे केले. १९७५ मध्ये डार्बी पुन्हा इंग्लंडची विजेती! त्या ऑक्टोबरात रेआल माद्रिदला तिने घरी ४-१ असे झोडपले. माद्रिदमध्ये १-५ अशी परतफेड झाली, ते सोडून द्या.

आणि क्लफ? आधी तो गेला ब्रायटनला. तेथे हौशी खेळाडूंच्या एका संघाने त्याला ४-० असे लोळवले आणि ब्रिस्टल रोव्हर्सने ८-२. मग गेला त्याच लीड्सकडे, ज्यांना त्याने दुसऱ्या श्रेणीत ढकलायला सांगितले होते. तेथे चव्वेचाळीस दिवस टिकला. डार्बीतले त्याचे विरोधक तेव्हा मिशीत हसले असतील. पण १९७५ च्या जानेवारीत त्याने नॉटिंगहॅम फॉरेस्टची सूत्रे घेतली. मधला एक मॅनेजर वगळला तर मॅकेने रिकामी केलेलीच ही खुर्ची. मॅकगव्हर्न, ओ’हेअर, गेमिल हे जुने डार्बीकर त्याने एकेक करून तेथे नेले, टेलरही आला. १९७८ मध्ये फॉरेस्ट इंग्लंडची विजेती, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपची! डार्बीकरांनी हे सारे पंधरा मैलांवरून पाहिले. मॅकेला त्यांच्या संचालकांनी १९७६ च्या नोव्हेंबरातच घालवले होते, आणि या वेळी चळवळ उभी राहिली नाही. खरे तर त्याच्या पदरात विजेतेपद होते, त्याने कोणाशी भांडण मांडले नव्हते. पण गावाने आपला सारा संताप तीन वर्षांपूर्वीच खर्च केला होता. मला या सगळ्या प्रकरणात मॅकेच्या वाट्याला आलेली ही शांतता अधिक बोचते.

१९७७ च्या फेब्रुवारीत डार्बीच्या संचालकांनी क्लफला परत बोलावले. तो वाटाघाटींना आला, ज्या दारातून बाहेर पडला होता त्या दाराशी पोचला आणि अखेर नाही म्हणाला. १९८० मध्ये, फॉरेस्टने दुसऱ्यांदा युरोपीय चषक उचलला त्याच वर्षी, डार्बी दुसऱ्या श्रेणीत उतरली; चार वर्षांनी तिसऱ्या.

पण क्लफने डार्बी सोडली नाही. नोकरी नॉटिंगहॅमला आणि बिऱ्हाड डार्बीकडे, असा त्याचा अठरा वर्षांचा रिवाज राहिला. २००४ च्या सप्टेंबरात तो वारला तोही डार्बीच्याच इस्पितळात. स्मरणसभा आधी गावच्या कॅथीड्रलमध्ये ठरली होती. पण लोक इतके येणार असे दिसले की ती डार्बी काउंटीच्या नव्या मैदानावर हलवावी लागली. त्या दिवशी डार्बीचे पांढरे आणि फॉरेस्टचे लाल गळपट्टे एकाच मैदानात बसले होते. पुढल्या वर्षी दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले.