बिडाच्या एंजिन-ठोकळ्याची दुरुस्ती

अंतर्ज्वलन-एंजिनाचे सिलिंडर, त्यांभोवतीचे पाण्याचे कवच व क्रँक दंडाच्या धारव्यांच्या बैठका ज्या एकसंध ओतिवात सामावलेल्या असतात, त्यास एंजिनाचा ठोकळा म्हणतात. तो दीर्घकाळ प्रामुख्याने करड्या बिडाचा ओतला जात असे. बिडात सु. २·५ ते ४ टक्के कार्बन असून त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड सहज ओतता व कातता येते, दाब चांगला सोसते आणि कंपने शोषते. परंतु ताणात ते दुबळे व ठिसूळ असते. पोलाद ताणले असता लांबते, बीड तडकते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात बाष्प एंजिनांच्या ओतिवांतील फटी लोखंडाचा कीस, नवसागर व गंधक यांच्या ओल्या मिश्रणाने ठासून भरीत, कीस गंजून फुगला की फट बंद होई. मोठ्या तड्यावर धातूच्या पट्टीचे ठिगळ स्क्रूंनी बसवीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योत व विद्युत् प्रज्योत यांनी वितळजोडकाम शक्य झाले. पण बिडाच्या बाबतीत नवीच अडचण उद्‌भवली. जोडाजवळचा भाग तापून प्रसरण पावतो, सभोवारचा थंड भाग त्यास रोखतो आणि निवताना आकसणाऱ्या जोडाशेजारीच दुसरा तडा जातो. बीड सांधण्याच्या पुढील अनेक पद्धतींत या ताणावर मात करण्याचा प्रयत्न दिसतो.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तेथील बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनी एंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे सिलिंडर ओतण्यात फार काळ गेला असता. म्हणून विद्युत् प्रज्योत जोडकाम व यांत्रिक ठिगळे यांनी ते सांधून जहाजे सैन्याच्या वाहतुकीस लावण्यात आली. ज्वालाग्राही वायूमुळे ज्योत वापरणे धोक्याचे असलेल्या टेक्ससच्या तेलक्षेत्रांत पुढे थंड अवस्थेतच धातूच्या किल्ल्या ठोकून तडा शिवण्याची पद्धत विकसित झाली.

जुन्नर-आंबेगाव परिसर : महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी येथे १९१० पासून लोखंडी नांगरादी शेती अवजारांचे उत्पादन सुरू झाले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने तयार केली, तर पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरील मोटेची जागा हळूहळू एंजिन-पंपाने घेतली.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीत मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील कांदा, ऊस व भाजीपाला यांची उन्हाळ्यातील भिस्त पाण्याच्या पाळीवर असते. अशा एंजिनाच्या शीतनासाठी पाणी पुष्कळदा पंपाच्याच नळातून घेत. विहीर आटून पंप हवा ओढू लागला की शीतन थांबे. तापलेल्या ठोकळ्यावर घाईने गार पाणी ओतले, तर तो तडके. कवचात साचणाऱ्या क्षारांच्या थरामुळेही स्थानिक तापमान वाढे. एंजिन बंद पडले की पाळी चुके आणि वर्षाचे पीक हातचे जाण्याची वेळ येई. त्यामुळे नवा ठोकळा मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा जवळच्या बाजारगावात तो सांधून घेणे शेतकऱ्यास परवडे.

पद्धती : तड्यावर रॉकेल चोळून पुसतात व खडूची पूड लावतात, मुरलेले रॉकेल पुडीवर उमटून तड्याची पूर्ण लांबी दिसते. त्याच्या दोन्ही टोकांस छिद्र पाडल्यास तडा पुढे सरकत नाही. थंड पद्धतीत तड्यावर ओळीने छिद्रे पाडून आटे पाडतात व तांब्याचे अथवा लोखंडाचे स्क्रू एकमेकांत किंचित घुसतील असे बसवून ठोकतात. उष्ण पद्धतीत विटांच्या तात्पुरत्या भट्टीत संपूर्ण ठोकळा सु. ६००° से.पर्यंत तापवून बिडाच्या सळईने जोड भरतात आणि तो राखेत अथवा चुन्यात अतिशय सावकाश निववितात. पितळी सळईने जोडताना बीड वितळवावे लागत नाही. निकेलयुक्त कांडीने जोडताना दोन-तीन सेंमी.चे तुकडे करून भरतात. प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीने हलकेच ठोकतात व पुरता निवल्यावरच पुढचा घेतात.

पाण्याच्या कवचावरील तडा या उपायांनी टिकाऊपणे बंद होतो. मात्र धारव्याच्या बैठकीतून अगर सिलिंडर-शीर्षाच्या बोल्टांमधून गेलेला तडा प्रत्येक स्फोटाबरोबर ताणला जातो. तेथे ठोकळा बदलणेच इष्ट असते. हा भेद न ओळखता केलेली दुरुस्ती ऐन उन्हाळ्यात पुन्हा उघडते आणि पाणी वंगणात मिसळून धारवेही निकामी होतात.

ग्रामीण विद्युतीकरण व कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे या परिसरातील सिंचनाचे स्वरूप पालटले. विजेच्या पंपास ज्वलनाचा सिलिंडर वा पाण्याचे कवच नसल्याने विहिरीवरील ही दुरुस्ती मागे पडली. बीड सांधण्याचे कसब मात्र ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्या दुरुस्तीत उपयोगी पडते.