खडवलीवरून जाणारी गाडी

खडवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना, हा मार्ग किती जुना असेल असं कधी मनात आलं का?

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ ला टिटवाळा, खडवलीच्या शिवारातून वासिंदपर्यंत आली. पण हा रूळ आपल्या नोकरी-बाजारासाठी टाकला नव्हता. कंपनीला खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरावर न्यायचा होता. वाटेत थळघाट आडवा होता, म्हणून कसाऱ्याला १८६१ आणि इगतपुरीला १८६५ साल उजाडलं.

घाटात दगड-मातीच्या पाट्या बायकांनीही वाहिल्या. कल्याणहून फुटणाऱ्या दुसऱ्या फाट्यावर, बोरघाटात, ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. त्यांचं नाव इतिहासात राहिलं. पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

पुढे हीच मालगाडीची वाट आपली रोजची वाट झाली. भाजी, दूध, शाळा, दवाखाना, नोकरी, सगळं हिच्यावरून. तो इतिहासही कुठल्या दप्तरात नाही, आपल्या घरात आहे. तर आजच सासूबाईंना, आजीला विचारा: पहिल्यांदा गाडीत कधी बसलात? डोक्यावर काय होतं? कुठे उतरलात? उत्तर वहीत लिहा आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.