व्यावसायिक कुस्तीतील नायक-खलनायक व प्रेक्षकवर्ग

व्यावसायिक कुस्ती : तिकीट लावून व मल्लांना ठरलेला मोबदला देऊन प्रेक्षकांच्या रंजनासाठी भरविल्या जाणाऱ्या कुस्त्यांना ही संज्ञा लावतात. मराठीत तिने दोन निरनिराळ्या गोष्टींचा बोध होतो व त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. पहिली, तालमीत तयार झालेल्या मल्लांची, इनामावर लढली जाणारी मातीवरील कुस्ती. ती ठेकेदाराने भरविलेली असली, तरी तिचा निकाल आधी कोणालाच ठाऊक नसतो. निदान नसावा, अशी अपेक्षा असते. दुसरी, दोरांनी वेढलेल्या चौकोनी मंचावर होणारी, पाश्चात्त्य देशांतून आलेली व महाराष्ट्रात ‘फ्रीस्टाईल’ या नावाने परिचित झालेली कुस्ती. हिच्यात लढतीचा निकाल व मुख्य वळणे बहुधा पूर्वनियोजित असतात. ऑलिंपिक सामन्यांतील मुक्त शैलीच्या कुस्तीशी तिचे साम्य नावापुरतेच आहे. या दोन्ही प्रकारांना मराठी प्रेक्षकाने उदंड आश्रय दिला; परंतु एका ठिकाणी त्याला खलनायकाची गरज भासली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तो मुख्यतः खलनायकासाठीच पैसे मोजून आला. हा फरक कशामुळे पडला, हा या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

मातीवरील कुस्तीचा प्रेक्षक कसा असतो, हे कोल्हापूरच्या खासबाग मैदानावरून चांगले समजते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली यूरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले व त्या धर्तीवर हे मैदान बांधवून घेतले. १९१२ मध्ये ते पुरे झाले. मध्ये हौदा व सभोवार चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असून कोठेही बसलेल्या माणसास कुस्ती दिसावी, ही दृष्टी तीत आहे. उद्‌घाटनाच्या कुस्त्यांत गामाचा भाऊ इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची जोड लागली आणि इमामबक्ष विजयी झाला. दोघेही पंजाबकडील मल्ल. तरीही मैदान भरले. महाराजांनी पंजाबी मल्लांना आश्रय दिला होता आणि त्यांच्याकडून स्थानिक मुले तयार करवून घेतली होती. त्यामुळे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला परका मल्ल हा शत्रू वाटण्याऐवजी पारखून घेण्याचा माल वाटे. १९४७ नंतरही काही वर्षे सादिक पंजाबी, गोगा पंजाबी, नासिर पंजाबी यांसारखे पाकिस्तानी मल्ल येथे लढले. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने या हिंदकेसरींची नावे घेणारी पिढी याच मल्लांची नावेही तितक्याच प्रेमाने घेत असे.

अर्थात हा प्रेक्षक तटस्थ नसे. तालीम, पेठ, गाव, तालुका यांचा अभिमान घेऊनच तो मैदानात येई. हलगीचा ठेका, मल्लाने ठोकलेला शड्डू, निकाल लागताच हवेत उडणारे फेटे आणि गर्दीतून जाहीर होणारी रोख बक्षिसे यांतून त्याचा पक्षपात प्रकट होई. परंतु प्रतिपक्षाचा मल्ल दुष्ट असावा, अशी त्याची अपेक्षा नव्हती. तो तुल्यबळ असावा, एवढीच होती. जोड जितकी तोलाची तितका विजय मोठा, हा हिशेब त्यामागे असे. जत्रेतील रेवड्यांवरच्या पोरसवदा कुस्तीपासून लाखाच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हाच न्याय लागू होता.

याचा अर्थ या प्रेक्षकाचा रोष कोणावरच होत नसे, असा नाही. जो मल्ल अंगाला अंग लावू देत नाही, नुसती खडाखडी करून वेळ काढतो, मातीवर पालथा पडून कुस्ती बरोबरीत सोडवू पाहतो, त्याच्यावर तो तुटून पडे. जोड ठरवून लावलेली, म्हणजे नुरा, असल्याचा संशय आला, तर मल्लांबरोबर ठेकेदाराचीही धडगत नसे. मातीच्या फडात खलनायक असलाच, तर तो क्रूर मल्ल नसून लढण्याचे टाळणारा मल्ल होता.

ही वृत्ती केवळ कोल्हापूरची किंवा भारताची नव्हे, हे १९१० सालच्या एका प्रसिद्ध लढतीवरून दिसून येते. त्या वर्षी १० सप्टेंबर रोजी लंडनमध्ये गामा व पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाची ताकद ओळखताच झिबिस्को पालथा पडला आणि अडीच तासांहून अधिक काळ बव्हंशी तसाच राहिला. कुस्ती अनिर्णित ठरली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस तो आलाच नाही व गामाला विजयी घोषित करण्यात आले. त्या संध्याकाळी लंडनच्या प्रेक्षकांत बहुसंख्य गोरे होते. परंतु त्यांच्या तिरस्काराचा विषय झाला तो वसाहतीतून आलेला मल्ल नव्हे, तर चटईला चिकटून राहिलेला यूरोपीय मल्ल. १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीत केले.

लंडनमधील त्या कंटाळवाण्या अडीच तासांत व्यावसायिक कुस्तीच्या पुढील रूपाचे बीज आहे, असे म्हणता येईल. खरी कुस्ती पुष्कळदा संथ असते आणि तिकीट काढलेला प्रेक्षक संथपणा सहन करीत नाही. अमेरिकेत १९२०–३० या दशकात संयोजकांनी यावर उपाय शोधला : कुस्तीचा वेळ आखून घेतला, उड्या व फेकाफेकी वाढविली, निकाल आधी ठरविला आणि प्रत्येक जोडीस भूमिका वाटून दिल्या. त्या धंद्याच्या बोलीत नायकास ‘बेबीफेस’ व खलनायकास ‘हील’ म्हणजे टाच असे नाव पडले. पुढे दूरचित्रवाणी आली आणि १९४०–५० च्या सुमारास गॉर्जस जॉर्ज नावाच्या, कुरळे सोनेरी केस मिरविणाऱ्या व अत्तर शिंपडत मंचावर येणाऱ्या मल्लाने एक गोष्ट सिद्ध केली : आवडता मल्ल जिंकावा म्हणून लोक येतात, त्याहून नावडता मल्ल हरावा म्हणून अधिक येतात. फ्रेंच समीक्षक रोलां बार्त याने आपल्या एका निबंधात अशी कुस्ती हा खेळ नसून नाट्यप्रयोग आहे आणि प्रेक्षकाला तीत शक्तीऐवजी न्याय पाहावयाचा असतो, असे प्रतिपादन केले आहे. जपानात १९५४ पासून रिकिदोझान या मल्लाने परदेशी प्रतिस्पर्ध्यांना पाडून युद्धात हरलेल्या लोकांना असाच न्याय मिळवून दिला. चौकाचौकांत लावलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर त्याच्या कुस्त्यांसाठी गर्दी लोटे. तो स्वतः जन्माने कोरियन होता, ही बाब त्या वेळी झाकून ठेवण्यात आली.

मुंबईत या प्रकाराचा भरभराटीचा काळ म्हणजे १९५० नंतरची सु. वीस वर्षे. त्याचा नायक दारासिंग (१९२८–२०१२) व सर्वांत गाजलेला खलनायक किंगकाँग. दारासिंग अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक गावचा. तरुणपणी सिंगापूरला जाऊन तो तेथे या कुस्तीत उतरला. १९५४ मध्ये त्याने भारतीय अजिंक्यपद आणि १९५९ मध्ये कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डियेंको यास हरवून राष्ट्रकुलाचे अजिंक्यपद मिळविले. १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लावर विजय मिळवून तो जगज्जेता म्हणून घोषित झाला. किंगकाँगचे मूळ नाव एमिल चाया. तो हंगेरियन वंशाचा. अवाढव्य देह, दाढी आणि एका प्रचंड वानरावरील चित्रपटामुळे जगभर झालेले ते नाव, एवढ्यावरच त्याचे अर्धे काम होई. तो १९७० मध्ये मोटार-अपघातानंतर मरण पावला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या मंडळींच्या लढती होत. दारासिंगने किंगकाँगला डोक्यावर उचलून गरगर फिरविले व मंचाबाहेर भिरकावले, ही गोष्ट ती प्रत्यक्ष न पाहिलेल्या पिढ्यांनीही एकमेकांना सांगितली.

या लढतींची रचना ठराविक असे. खलनायक आधी येई व प्रेक्षकांवरच गुरकावे. नायक हात जोडून येई. मग पंचाची पाठ वळताच गुद्दा मारणे, दोरांत मान अडकविणे, हार दिसू लागताच दयेची याचना करणे आणि हात सोडताच पुन्हा दगा देणे असा क्रम चाले. नायक हे सारे एका मर्यादेपर्यंत सोसतो. त्यानंतर मात्र तो नियम पाळीत नाही आणि त्याने पाळू नये, अशीच सर्वांची इच्छा असते. मातीच्या फडात जे निंद्य ते येथे टाळ्या घेई, कारण ते फेड म्हणून घडे.

ही फेड पाहण्यास आलेल्या मुंबईकरांत गिरणगावातील कामगार मोठ्या संख्येने असत. कुलाबा (१९८१ पासून रायगड), रत्नागिरी, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेला हा वर्ग होता. त्यांपैकी घाटावरच्या माणसाने गावी निकाली कुस्ती पाहिलेली असे व फ्रीस्टाईलकडे तो काहीशा कुत्सितपणे पाही. कोकणातल्या माणसाची तयारी वेगळी होती. मुंबई–गोवा रस्त्यावरील नागोठणे, खांब, कोलाड, माणगाव अशा गावांतून वा त्याखालच्या रत्नागिरीकडून आलेल्या चाकरमान्याला शिमग्याची सोंगे, नमन-खेळे, दशावतार यांची ओळख असे. नमनातील संकासूर गर्दीत घुसतो, लोकांची खोडी काढतो, पोरे त्याला चिडवितात व त्याच्यापासून पळतात. दशावतारातील राक्षस आरोळी ठोकून येतो आणि शेवटी मारला जातो. तो मरणार हे सर्वांस ठाऊक असते, म्हणून कोणी अर्ध्यावर उठून जात नाही. अशा प्रेक्षकाला किंगकाँग नवा नव्हता. फ्रीस्टाईलची मुळे अमेरिकेत शोधणाऱ्यांनी तिच्या मुंबईतील यशाचे हे घरचे कारण विचारात घेतलेले दिसत नाही.

या कुस्त्या खोट्या आहेत हे प्रेक्षकांना कळत होते काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो काहीसा चुकीचा मांडला जातो, असे वाटते. मराठी चित्रपटांतील पाटील रंगविणारे निळू फुले यांना खेड्यापाड्यांतील स्त्रिया तोंडावर शिव्या देत, हे सर्वश्रुत आहे. त्या स्त्रियांना चित्रपट म्हणजे काय हे कळत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. गावातल्या खऱ्या पाटलास जे बोलता येत नव्हते ते त्यांना येथे बोलता येत होते. स्टेडियममधील आरडाओरडही बव्हंशी याच जातीची होती. मुकादम, सावकार, घरमालक यांच्यापुढे गप्प बसणारा माणूस तिकिटाच्या पैशात एका धिप्पाड दांडग्यावर तोंडसुख घेऊ शके. मंचावर त्याची बाजू घेणारा दारासिंग शेतकरी घरातला, मितभाषी व निर्व्यसनी म्हणून ओळखला जाई, याचाही परिणाम होता. चित्रपटांनी तो दृढ केला. किंगकाँग (१९६२), फौलाद (१९६३) आदी चित्रपटांतून हाच नायक पडद्यावर आला आणि १९८७ पासून रामायण मालिकेत हनुमानाच्या रूपाने घराघरांत पोहोचला. ‘स्वतःला दारासिंग समजतोस काय’ हा वाक्प्रचार मराठीत रुळला. सभागृहातील हाणामारीला वृत्तपत्रे आजही ‘फ्रीस्टाईल’ म्हणतात.

खरा नायक मात्र अनेकदा प्रेक्षकांच्या दृष्टीआडच लढला. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधव यांची कुस्ती महाराष्ट्रातील कोणी पाहिलेली नव्हती. ते परतले तेव्हा कराड भागात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली; त्यानंतर दीर्घकाळ त्यांची उपेक्षाच झाली. खलनायकाशिवायचे कर्तृत्व लोकांच्या स्मरणात टिकविणे कठीण जाते, याचे हे कटू उदाहरण म्हणावे लागेल.

१९९० नंतर उपग्रह वाहिन्यांवरून अमेरिकन व्यावसायिक कुस्ती महाराष्ट्रातील खेड्यांपर्यंत गेली. ती चालविणाऱ्या प्रमुख संस्थेने फेब्रुवारी १९८९ मध्येच, नियंत्रणाचे कायदे टाळण्यासाठी, आपला कार्यक्रम हे रंजन असून स्पर्धा नव्हे, असे न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर मान्य केले होते. तथापि त्याने मुलांच्या उत्साहात खंड पडला नाही. मल्लांची उंची, वजन छापलेल्या पत्त्यांचे डाव शाळांच्या ओट्यांवर रंगत राहिले. २००६ साली द ग्रेट खली (दलीपसिंग राणा) हा हिमाचल प्रदेशातील मल्ल या मंचावर आला. अमेरिकेत त्याला दुष्ट, न बोलणारा राक्षस म्हणून उभे केले गेले आणि तेथील प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. तीच दृश्ये पाहून भारतात जल्लोष झाला व २००७ मध्ये तो विजेता ठरला, तेव्हा तो राष्ट्राभिमानाचा विषय बनला. किंगकाँगने मुंबईत जे काम केले, तेच काम खलीने अमेरिकेत केले, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

मातीच्या व गादीच्या स्पर्धात्मक कुस्तीत या काळात खलनायकाची जागा पंचाकडे सरकली. गुणांची पद्धत आल्यावर निकाल मल्लाच्या पाठीवरून पंचाच्या बोटांवर आला आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमुळे प्रत्येक प्रेक्षक पंच झाला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ याच्याविरुद्धच्या लढतीत चीत झाल्याचा निर्णय मिळताच शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. मोहोळ पुढे महाराष्ट्र केसरी झाला. राक्षेवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. लाथेचे समर्थन फारसे कोणी केले नाही, तरी कुस्तीशौकिनांतील मोठ्या वर्गाची सहानुभूती त्याच्याकडे राहिली. चित्रफीत थांबवून थांबवून पाहणाऱ्यांचा वाद लाथेविषयी नव्हताच. दोन्ही खांदे गादीला टेकले होते की नाही, एवढ्याविषयी होता.