एका गाण्याचे धनी किती?

आजचा विषय जरा नाचरा आहे, पण हिशोबाचा आहे.

‘वन-हिट वंडर’ हा शब्द आपण गमतीनं वापरतो. एक गाणं गाजलं, पुढे कलाकार गायब. पण अशा गाण्याची कुंडली मांडायला बसलं, की पुष्कळदा पहिला प्रश्न येतो तो हा, की गाणं मुळात होतं कुणाचं? याला अभ्यासक ‘सांस्कृतिक विनियोग’ म्हणतात. आपल्या साध्या भाषेत उचलेगिरी. हे दोन्ही विषय एकत्र का घ्यायचे? कारण ज्याच्याकडे एकच गाणं आहे, त्याच्या त्या गाण्यावरचं नाव पुसलं, तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

तुमच्यापैकी जे 1990 च्या आसपास कॉलेजात होते, त्यांना ‘लंबाडा’ आठवत असेल. (आपल्याकडच्या लंबाडा-बंजारा समाजाशी या शब्दाचा संबंध नाही. ब्राझीलमधल्या एका नाचाचं ते नाव.) 1989 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये काओमा नावाच्या गटानं हे गाणं आणलं. टीव्हीवर जाहिरातीचा धडाका होता. समुद्रकिनारा, नाचणारी मुलं, ॲकॉर्डियनचा तो सूर. बघता बघता गाणं जगभर गेलं. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून नाव होतं चिको दि ऑलिव्हेरा. ऐकायला अगदी ब्राझिलियन. पण असा कुणी माणूसच नव्हता! ते एका फ्रेंच निर्मात्यानं घेतलेलं टोपणनाव होतं.

चाल होती बोलिव्हियाची. लोस कार्कास हा कोचाबांबा भागातला गट. त्यातल्या उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या भावांचं ‘योरांदो से फुए’ हे गाणं, 1981 चं. अँडीज पर्वतातल्या बासऱ्या, संथ लय, सोडून गेलेल्या माणसाचं दुःख. 1984 मध्ये पेरूच्या एका गटानं त्याची नाचती, ॲकॉर्डियनवाली आवृत्ती केली. 1986 मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेरानं ते पोर्तुगीजमध्ये गायलं. काओमानं तेच पोर्तुगीज शब्द घेतले, तोच ॲकॉर्डियनचा बाज घेतला. म्हणजे बघा, तीन देशांची मेहनत आयती मिळाली आणि लेबलवर नाव आलं नसलेल्या माणसाचं. एर्मोसा बंधूंना कायद्याचा झगडा करावा लागला, तेव्हा कुठे त्यांचा हक्क मान्य झाला.

आणि काओमा? जगाच्या लेखी त्यांचं गाणं एकच. गायिका लोआल्वा ब्राझ मोठ्या ताकदीची होती. 2017 मध्ये तिचा खून झाला, तेव्हा बातम्यांत तिची ओळख एवढीच होती, की लंबाडा गाणारी बाई. उचललेल्या गाण्यानं गाणाऱ्यालाही फार काही दिलं असं नाही.

आता ही चाल मुंबईत येते. 1990 चा ‘घायल’ आठवा, सनी देओलचा. त्यातलं ‘सोचना क्या’ हे गाणं म्हणजे सरळ लंबाडाची चाल. संगीतकार बप्पी लाहिरी. आपण तेव्हा नाचलो, हसलो, आणि ‘ढापलंय’ म्हणून सोडून दिलं. बोलिव्हियाचा विचार आपल्यापैकी कुणी केला? मी तरी केला नव्हता.

बारा वर्षांनी चाक उलटं फिरलं. 2002 मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ आलं आणि तिथल्या पहिल्या दहात पोचलं. तिचंही गाजलेलं गाणं हे एकच. त्यात मागे सतत एक आवाज वाजतो, आणि तो आवाज लता मंगेशकरांचा! 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’. संगीतकार पुन्हा बप्पी लाहिरी. अमेरिकन निर्मात्यानं ते टीव्हीवर ऐकलं आणि उचललं. हिंदी शब्दांचा इंग्रजी गाण्याशी अर्थाचा काडीचाही संबंध नव्हता. लताबाईंचा आवाज तिथे शोभेच्या वस्तूसारखा, ‘पूर्वेकडचं काहीतरी’ म्हणून वापरला होता.

खटला झाला. सारेगामा कंपनीनं पन्नास कोटी डॉलर्सहून जास्त रकमेचा दावा लावला, बप्पीदाही कोर्टात गेले. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं, की लाहिरींचं नाव लावल्याशिवाय हा अल्बम विकायचा नाही. पैशाचं पुढे बघू, आधी नाव.

गंमत म्हणजे ‘ज्योती’मधलं ते गाणं आपणही विसरलो होतो. अमेरिकेत वाजल्यावर त्याचं इथे रिमिक्स झालं, ‘कलियों का चमन’, आणि ते लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं.

मग बप्पीदांना चोर म्हणायचं की पीडित? दोन्ही. मला वाटतं, या विषयाचा इतिहास शिकताना हे पचवायला हवं. एकाच माणसाचं नाव एका वहीत येणं बाजूला आणि दुसऱ्या वहीत देणं बाजूला असू शकतं. चाली फिरणारच. नाट्यसंगीतात इतर गाण्यांवरून बांधलेली पदं किती आहेत, हे तुम्ही जाणता. उसनं घेणं हा गुन्हा नाही. उसनवारीची नोंद न ठेवणं हा गुन्हा.

ही नोंद ठेवली तर काय होतं, तेही सांगतो. 2011 मध्ये जेनिफर लोपेझचं ‘ऑन द फ्लोअर’ आलं. त्यात लंबाडाची तीच चाल आहे, आणि श्रेयनामावलीत एर्मोसा बंधूंची नावं आहेत. उलिसेस ते पाहायला नव्हते, 1992 मध्येच ते वारले होते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण कार्काससारखे गट आपल्या अशा तालांना ‘साया’ म्हणत. बोलिव्हियाच्या युंगास दऱ्यांत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज राहतात. ते म्हणतात, साया आमचा आहे, आमच्या ढोलांचा आणि आमच्या आठवणींचा, आणि तुम्ही वाजवता तो साया नव्हे. म्हणजे ज्यांची चाल चोरली गेली, त्यांच्यावरही कुणाचा तरी आक्षेप आहेच.

कायद्याला नाव लागतं, तारीख लागते, सही लागते. एर्मोसा बंधूंकडे ती होती, बप्पीदांकडे होती. पिढ्यान्‌पिढ्या ढोल वाजवणाऱ्या गावाकडे ती नसते. आपल्या लावणीच्या, भारुडाच्या, कोळीगीतांच्या कितीतरी चालींकडेही नाही. त्या सिनेमात ऐकू येतात तेव्हा ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द लिहून आपण मोकळे होतो. त्या शब्दामागे कोण माणसं होती, ही चौकशी कोर्ट करणार नाही. ती आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांनीच करायची आहे.