धातुशोध

धातुशोध म्हणजे धातुशोधक यंत्राच्या (मेटल डिटेक्टर) साहाय्याने जमिनीत, वाळूत किंवा उथळ पाण्यात पडलेली नाणी, अंगठ्या, साखळ्या यांसारख्या वस्तू शोधून काढण्याची क्रिया होय. युरोप व अमेरिकेत हा छंद म्हणून रूढ आहे. समुद्रकिनारे, उद्याने आणि बर्फावरील स्कीइंगचे उतार ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. भारतात अशा शोधावर कायद्याची अनेक बंधने आहेत. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरात वर्षासहलीची गर्दी आणि प्राचीन लेणी-किल्ले एकत्र आढळत असल्याने तेथे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

१८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्-प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले. गोळी मात्र सापडली नाही. गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये सुवाह्य धातुशोधकाचे अमेरिकी एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक यंत्र तयार केले. युद्धानंतर अशी उपकरणे सामान्य नागरिकांच्या हाती आली.

कार्यपद्धती

यंत्राच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आल्यास तिच्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज करते. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे १५ ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सापडू शकते.

वस्तूच्या आकाराचा परिणाम मोठा असतो. अखंड अंगठीत प्रवाह सहज फिरतो, म्हणून तिचा संकेत स्पष्ट मिळतो. बारीक कड्यांची साखळी मात्र सोन्याची असूनही हुलकावणी देते. मंगळसूत्रातील काचेचे काळे मणी यंत्राला जाणवत नाहीत. संकेत मिळतो तो प्रामुख्याने वाट्यांचा. बाटलीची झाकणे आणि ॲल्युमिनियमची पत्री सोन्यासारखाच आवाज देतात. लोखंड वगळण्याची सोय वापरल्यास चुंबकाला चिकटणारी पोलादी नाणीही वगळली जाण्याचा संभव असतो.

हंगामी स्थळे

स्कीइंगच्या उतारांवर थंडीने बोटे आकसतात, हातमोजे काढताना अंगठी निसटते आणि पाळण्यातून जाताना खिशातील नाणी खाली पडतात. हिवाळ्यात बर्फात गडप झालेल्या या वस्तू उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर शोधल्या जातात. भारतात गुलमर्ग व औली ही स्कीइंगची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

सह्याद्रीत हेच चक्र पावसावर चालते. लोणावळ्याजवळील भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाणी वाहते व पर्यटक त्या प्रवाहात बसतात. साबणाच्या पाण्याप्रमाणेच गार पाण्यातही अंगठी सैल होते, तर प्रवाहाच्या ओढीने साखळीची कडी उघडते. पडलेली जड वस्तू बहुधा दगडांच्या फटीत किंवा प्रवाह मंदावतो तेथील वाळूत अडकते. त्यामुळे ओढे आटल्यानंतरचा कोरडा काळ शोधासाठी सोयीचा आणि सुरक्षित ठरतो. वाहत्या पाण्यात उतरून दागिना शोधणे जिवावर बेतू शकते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने परिसरातील धोक्याच्या ठिकाणी निर्बंध लागू केले.

मावळातील खडक बेसॉल्टचा आहे. त्यातील मॅग्नेटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांमुळे जमिनीतूनच खोटे संकेत येतात. म्हणून यंत्र स्थानिक जमिनीशी जुळवून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील पारंपरिक शोध

यंत्र येण्यापूर्वीपासून हे काम झारेकरी करीत आले आहेत. सोनारपेठेतील केर, राख आणि गटारातील गाळ पाण्याने धुऊन ते सोन्या-चांदीचे कण वेगळे करतात. नदीच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढण्याची पद्धतही आढळते.

कायदेशीर तरतुदी

हरवलेली वस्तू सापडली म्हणून सापडणाऱ्याची होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार ती ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेपग्राहीची, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याची, जबाबदारी येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असल्यास ते मागण्याचा हक्क त्याला मिळतो. अप्रामाणिकपणे वस्तू स्वतःकडे ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा ठरू शकतो.

जमिनीत दडलेल्या धनास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा दागिना १९७२ च्या अधिनियमानुसार पुरावशेष ठरतो.

वारसा आणि गुप्तधनाचा शोध

लोहगड, विसापूर तसेच कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी ही केंद्र संरक्षित स्मारके असून तेथे विनापरवाना उत्खनन करण्यास मनाई आहे. लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

गुप्तधनाच्या लोभाने केलेल्या खोदकामामुळे मातीचे थर विस्कटतात. शिवराईसारखे तांब्याचे नाणे ज्या थरात मिळते, तो थर त्याच्या काळाचा व वापराचा पुरावा असतो. नाणे उपटून नेल्यास वस्तू उरते, पण हा पुरावा नष्ट होतो आणि तो पुन्हा मिळविता येत नाही. गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष व अघोरी कृत्यांवर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातली आहे.

हे सुद्धा पहा

लोहगड, विसापूर, भुशी धरण, शिवराई, झारेकरी