आर्येची गणती

छंदःशास्त्रातील प्रस्ताराचा विचार गणिताच्या इतिहासकारांवर सोपवून आपले समीक्षक मोकळे झाले आहेत. वस्तुतः तो काव्याचाही विषय होय. वर्णवृत्तांच्या गणनेची रीत पिंगलाने घातली. दहाव्या शतकातील टीकाकार हलायुधाने तिच्यातील मेरुप्रस्तार उलगडून दाखविला. आठ अक्षरांच्या चरणात नेमके तीन गुरू हवे असतील, तर आठ स्थानांतून तीन निवडावयाची. असे चरण ५६ होतात.

मात्रावृत्तात निवड इतकी मोकळी राहत नाही. प्रत्येक गुरू दोन मात्रा खातो आणि त्यामुळे अक्षरांची संख्याच घटते. आठ मात्रांत तीन गुरू घेतले की अक्षरे पाचच उरतात, आणि प्रकार दहा. एकही गुरू न घेण्यापासून चार गुरूंपर्यंत १, ७, १५, १०, १ अशी बेरीज केली म्हणजे ३४ येतात. प्रत्येक संख्या मागील दोहोंच्या बेरजेइतकी, ही रीत विरहांकाला ठाऊक होती व हेमचंद्राने बाराव्या शतकात ती स्पष्ट मांडली. पिसाच्या लिओनार्दोचा ग्रंथ १२०२ चा. पण अग्रमानाच्या या वादापेक्षा मला आर्येचे उदाहरण अधिक बोलके वाटते.

आर्येच्या पूर्वार्धात चार मात्रांचे सात गण व शेवटी एक गुरू. गण न पाडता २८ मात्रा मांडल्या तर प्रकार ५,१४,२२९ होतात. गुरूने गणाची सीमा ओलांडू नये एवढाच निर्बंध घातला, की प्रत्येक गणाची पाच रूपे धरून ते ७८,१२५ वर उतरतात. पुढे विषम स्थानी जगण वर्ज्य, म्हणून तेथे रूपे चारच. सहाव्या स्थानी जगण किंवा चार लघू, म्हणून दोनच. उरतात १२,८००. उत्तरार्धात सहावा गण केवळ एक लघू, म्हणून ६,४००. दोहोंचा गुणाकार ८,१९,२०,०००.

आठ कोटींचा हा आकडा पाहून आर्येला सैल म्हणणारे सुखावतील. त्यांनी पाच लक्षांवरून तेरा हजारांच्या आत येणारी उतरंडही पाहावी. विषम स्थानी ज्याला मज्जाव, त्याच जगणाला सहाव्या स्थानी आसन मिळते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आर्याभारतात त्या आसनावर जगण किती वेळा बसविला आणि चार लघू किती वेळा, हे प्रस्तार सांगत नाही. त्यासाठी पोथीच उघडून मोजावे लागेल.