ब्लाइंड : बंद झडपेपलीकडची खात्री

फ्लँजने जोडलेल्या वाहिनीतील प्रवाह पूर्णपणे तोडण्यासाठी दोन फ्लँजांमध्ये बसवल्या जाणाऱ्या भरीव धातूच्या चकतीला ‘ब्लाइंड’ म्हणतात. बंद झडपही आतून गळू शकते. म्हणून टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी केवळ झडपेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

प्रकार : ‘स्पेड’ ही दांडी असलेली भरीव चकती. काम संपल्यावर तिच्या जागी तेवढ्याच जाडीचे कडे, म्हणजे ‘स्पेसर’, बसवता येते. ‘स्पेक्टॅकल ब्लाइंड’मध्ये हे दोन्ही भाग चष्म्यासारखे जोडलेले असतात. कडे बाहेर दिसत असेल, तर वाहिनी बंद आहे असे समजावे. मोठ्या व्यासाला हा चष्मा फार जड होतो, म्हणून तेथे सुटे भाग वापरतात. मापांसाठी ‘एएसएमई बी १६.४८’ हे मानक प्रचलित आहे. जाडी व्यास आणि दाबाच्या वर्गानुसार ठरते.

बसवताना : वाहिनीतील दाब उतरवून ती रिकामी करावी, दोन्ही बाजूंना नवे गॅस्केट घालावे आणि सर्व बोल्ट समान ताणाने आवळावेत. प्रत्येक ब्लाइंडची क्रमांकासह नोंद ठेवावी.

नोंदीचे मोल : ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ तेलमंचावर १६७ जणांचा बळी गेला. दुरुस्तीसाठी काढलेल्या सुरक्षा-झडपेच्या जागी वाहिनीच्या टोकाला लावलेला ब्लाइंड फ्लँज घट्ट नव्हता आणि तेथूनच वायू गळला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. झडप काढल्याची माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नव्हती.